जनाचं तोंडी टपाल

आमच्या श्रद्धाने माझ्या ओटीचं संग्रहालय केलं आणि मला न विचारता केलं, हे आधीच सांगून टाकतो. नात आहे म्हणून गप्प बसलो. दुसऱ्या कुणी माझ्या ओटीवर 'टपाल संग्रहालय' अशी पाटी ठोकली असती, तर त्याला पाटीसकट रस्त्यावर काढलं असतं.

आमचं गाव कळंबच्या अलीकडे, रस्त्याला लागून. गावाचं पोस्ट माझ्याच ओटीवर होतं. खेड्यातलं पोस्ट असंच असायचं. शिक्का सरकारचा, तराजू सरकारचा, पेटी सरकारची आणि घर पोस्टमास्तरचं. म्हणजे माझं. नाव माझं येसाजी, पण त्या नावाने हाक मारणारी एक आई होती, ती गेली. बाकी सगळ्या मुलखाला मी मास्तर. निवृत्त झालो तसं पोस्ट दुसऱ्या आळीत गेलं आणि ओटीवर भाताची पोती आली. पोती बरी होती. निदान ती प्रश्न विचारत नव्हती.

श्रद्धा कर्जतला शाळेत शिकवते. तिच्या डोक्यात हे खूळ कुठून शिरलं देव जाणे. भंगारवाल्याकडून गंजलेली लाल पेटी आणली, रंगवली, दारात उभी केली. जुनी इनलँड पत्रं, लाखेचे तुकडे, सुतळी, माझा मोडका तराजू, सगळं मांडून ठेवलं. शिक्का मात्र मी सरकारजमा केला होता, म्हणून तिने कर्जतहून रबरी करून आणला. शनिवार-रविवारी रिसॉर्टवाली मंडळी गाड्या थांबवून येतात, पेटीला टेकून फोटो काढतात, शिक्का हातावर मारून घेतात. पहिल्या आठवड्यात बघतो तर काय, शिक्क्यावर तारीख जुनीच. माझं डोकंच फिरलं. खोटं पोस्ट असलं म्हणून काय शिळी तारीख मारायची? तेव्हापासून रोज सकाळी तोंड धुतलं की पहिली तारीख बदलतो. कुणी सांगितलेलं नाही.

त्या ओटीवर आतल्या भिंतीला, खुंटीवर, एक ताडपत्रीची पिशवी टांगली आहे. शिवण जाड दोऱ्याची, पट्टा सायकलच्या ट्यूबचा. खाली श्रद्धाने चिठ्ठी लावली आहे, 'डाक वाहून नेणाऱ्या जनाबाई यांची पिशवी'. झालं, एवढंच. त्या चिठ्ठीत जना मावली असती तर मी कशाला तोंड उघडलं असतं?

जना वरच्या ठाकरवाडीची. नोकरी खरं तर तिच्या नवऱ्याची, धाऊची. वाडीची डाक खालून वर न्यायची, वरची खाली आणायची. धाऊ मध काढायला झाडावर चढला, पडला, कमरेतून गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तर पायरीवर ही बसलेली. काळी, शिडशिडीत, गुडघ्यावर लुगडं, तोंडात मिश्री. म्हणाली, तो बरा होईस्तोवर मी नेते. धाऊ काही चालता झाला नाही. कागदावर धाऊ आणि पायांनी जना, असाच कारभार वर्षानुवर्षं चालला. पिशवी धाऊनेच अंथरुणावर बसून शिवली. तेवढीच त्याची नोकरी, असं तो हसत म्हणायचा.

जीभ म्हणाल तर नुसती तिखट. कर्जतहून येष्टी उशिरा आली की ती माझ्यावर डाफरायची, जशी काही येष्टी मीच हाकतो. माझ्या बायकोला म्हणायची, वहिनी, मास्तरांना सकाळी चाय द्या, नाय तर दिवसभर आमच्यावर गुरगुरत्यात. पावसात डोक्यावर इरलं, खाली पिशवी, ओढे भरलेले आणि ही आपली चालली. मी म्हणायचो, जने, आज जाऊ नको, पाणी बघ. ती म्हणायची, पानी बघायला तुमी हाव की. आणि जायची.

आता खरी अडचण ऐका. वाडीत पत्र पोचायचं, पण वाचायचं कुणी? शाळा होती, ती नावाला. मग ज्याचं पत्र तो माणूस डोंगर उतरून माझ्याकडे यायचा, मी वाचून दाखवायचो, तो परत डोंगर चढायचा आणि घरी पोचेपर्यंत निम्मं विसरायचा. मग घरात भांडणं. तू असं म्हणालास, तो तसं लिहितो, सगळा गोंधळ. आणि शिव्या कुणाला? जनाला. एक दिवस तिने पिशवी माझ्या टेबलावर आदळली. म्हणाली, मास्तर, तुमी मला वाचा, मी वर जाऊन सांगते.

मी उडवून लावलं. पत्र ज्याचं त्यानेच उघडायचं, सरकारी कायदा आहे. तर दुसऱ्या दिवशी वाडीतली झाडून सगळी घरं माझ्या अंगणात येऊन बसली. पत्रं आमची, आमी सांगतो उघडा, म्हणे. बसले ते उठेनात. शेवटी बायकोने सगळ्यांना चहा दिला आणि मी कायदा मिटून ठेवला.

तेव्हापासून तोंडी टपाल सुरू झालं. पायरीवर बसायची, माझ्याकडे पाठ करून. मी एकदा वाचायचो, मग पुन्हा वाचायचो. हूं नाही की चूं नाही. संपलं की उठायची, पत्र पिशवीत टाकायची, चालू पडायची. पहिल्या दिवशी मला काही भरवसा नव्हता. म्हटलं, जने, म्हणून दाखव बघू. तर मान वळवून म्हणते कशी, "तुमच्या नावाचं हाय का? मंग तुमाला कशाला दावू?"

घ्या! माझाच कायदा माझ्याच गळ्यात.

वर गेल्यावर तिची एक रीत होती. दारात पिशवी खाली ठेवायची नाही. आधी पाणी मागायचं, ते प्यायचं, पिशवी खांद्यालाच. मग ज्याचं पत्र त्यालाच समोर बसवायचं, बाकीच्यांना बाहेर घालवायचं. शेजारीण कुडाला कान लावून उभी आहे असं कळलं की पत्र मध्येच थांबवून तिचा असा काही उद्धार करायची की ती पुन्हा महिनाभर त्या घराकडे फिरकायची नाही. मग पत्र सांगायची. मी जिथे थांबलो तिथे थांबून, मी जिथे घाईने वाचलं तिथे घाईने. तिच्या लेखी पत्र म्हणजे मी वाचलं ते सगळं.

त्यावरूनच तो खोकल्याचा घोळ झाला.

वाडीत पोशा आणि सुनिता असं जोडपं. त्यांचा एकुलता मुलगा कमळ्या. आश्रमशाळेत चार यत्ता शिकलेला, म्हणजे वाडीतला विद्वानच. कोकणात रेल्वेची लाइन पडत होती, तेव्हा टोळीबरोबर तिकडे कामाला गेला, पार रत्नागिरीच्या पलीकडे. स्वतःच्या हाताने पत्र लिहायचा, अक्षर मोठं, ओळी डोंगर चढणाऱ्या. त्याचं एक पत्र आलं तेव्हा मला पडसं झालेलं. वाचता वाचता मध्येच खोकल्याची उबळ आली. खोकलो, नाक ओढलं, पुढे वाचलं. दुसऱ्यांदा वाचतानाही त्याच सुमाराला ठसका लागला. जना उठली, गेली.

दोन-चार दिवसांनी सुनिता डोंगर उतरून आली. हातात अडुळशाच्या पाल्याची ही एवढी मोट आणि मधाची बाटली. पार्सल करायचं होतं. पोराला खोकला झालाय म्हणे. मी विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाली, पत्रात खोकलाय की.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. पडला तेव्हा आधी हसलो आणि मग जो भडकलो! जनाला बोलावलं. म्हटलं, तू खोकलीस?

"तुमी खोकलाव म्हून मी खोकले. दिलं तसं दिलं. त्यातलं काय त्याचं नि काय तुमचं, मला काय ठावं?"

मी तिरीमिरीत वाडीवर चढून गेलो. पोशाच्या अंगणात उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं की तो खोकला माझा आहे, माझा, तुमच्या पोराचा नव्हे. पोशा बिचारा मान हलवत राहिला. सुनिता मात्र शांतपणे म्हणाली, मास्तर, तुमी वाचत व्हता तवा तो तुमच्या तोंडानं बोलत व्हता ना? मग तेवढा खोकलाच कसा तुमचा?

तसाच डोंगर उतरलो. पाला गेला, मध गेला. कमळ्याचं उलट पत्र आलं की मला धाड भरलेली नाही, पाला कशाला पाठवला, इथली पोरं हसतात. ते पत्र वाचण्याआधी मी तांब्याभर पाणी प्यालो आणि श्वास धरून वाचलं. सुनिताने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आपल्याला काळजी नको म्हणून लपवतोय. पुढे कितीतरी वर्षं गावात मला बघून कुणीतरी खोकायचंच. मीही चिडून तोच पाढा म्हणायचो, तो खोकला माझा होता, माझा.

खोकल्याचा घोळ झाला त्याच वर्षी, पावसाळ्यात, कमळ्या तिकडच्या नदीवर आंघोळीला उतरला आणि लोंढ्याबरोबर गेला. हाती काही लागलं नाही. तार आली. ती मी जनाकडे दिली नाही. सगळं आयुष्य तिने माझा शब्द न् शब्द वर नेला, पण तो न्यायला मी तिला कसा सांगणार? मीच गेलो. ती वाटेत पुढे चालत होती.

मग पोशाने एकदा जनाला बोलावून खोकल्याचं पत्र पुन्हा सांगायला लावलं. सगळ्यात मोठं तेच होतं. सुनिता ऐकत बसली आणि खोकला आला तशी उठली आणि अडुळसा तोडायला गेली. पुढे कितीतरी दिवस तिच्या पोटात अन्न गेलं नाही. पोशा हबकला. त्याने जनाला सांगितलं, ही हाय तोवर आता नको. पत्राचा कागद त्याने छपरात खोचला होता, तो वाळवीने खाल्ला. राहिलं ते जनाकडे.

वाडीवर पुढे मोबाईल आले. पोरं शिकली, स्वतःची स्वतः वाचायला लागली, आणि मग लिहिणंच बंद झालं. धाऊ गेला. जना खाली रस्त्याकडेला लेकाच्या घरी राहायला आली. पिशवी तिनेच श्रद्धाला दिली. खरं सांगू? मला त्या दिवसांची फार आठवण येते. सकाळी लाखेचा वास, येष्टीचा हॉर्न, पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसलेली ती बाई. आपण वाचतोय ते कुणीतरी एवढं कान देऊन ऐकतंय, हे सुख मला त्यानंतर मिळालं नाही. बायको म्हणते, मी ऐकते की. ती ऐकते, पण टीव्ही बघत.

यंदा दिवाळीनंतर सुनिता गेली. तिचे दिवस झाले आणि पोशाने निरोप धाडला, आता पत्र ऐकायचंय.

आणि इकडे जनाची ही गत. गेल्या पावसापासून तिचं डोकं वाहवत चाललंय. मला धाऊ म्हणते. सुनेला विचारते, तू कोनाची गं? जेवून उठते आणि जेवायला मागते. एकदा पिशवी समजून उशीचा रिकामा अभ्रा खांद्याला लावून कळंबच्या रस्त्याने निघाली होती, टेंपोवाल्याने ओळखून परत आणली. पत्र मी वाचलेलं, पण मला त्यातलं काय आठवतं? बकरीबद्दल काहीतरी होतं, बस्स. जनाच्या डोक्यातून ते गेलं असेल तर पोराचं बोलणं जगातून गेलं.

श्रद्धा फोन घेऊन तिच्याकडे धावली. म्हणाली, आजी, आज जेवढं आठवतंय तेवढं सांग, मी भरून ठेवते, मग पोशाआजोबांना ऐकवू, संग्रहालयातही राहील. जनाने तोंड फिरवलं. पोशाला पुढं बसव, म्हणाली. मग मी गेलो. मला वाटलं, माझ्यापुढे तरी बोलेल. म्हटलं, जने, अगं मीच वाचलं ना तुला ते? मला सांग.

"तुमच्या नावाचं व्हतं का?"

मला इतका राग आला! जेवलेलं आठवत नाही, सून आठवत नाही, आणि हे बरं आठवतं. घरी येताना मात्र राग उतरला आणि भीती वाटायला लागली. कायदा शाबूत आहे, पण पत्र आहे का? का नुसतीच रिकामी पेटी राखत बसलीय?

असल्या अवस्थेत जनाला घरापासून लांब वर नेणं शक्य नव्हतं. पोशाला दम लागतो, तोही पायी उतरू शकत नव्हता. वाडीपर्यंत आता कच्चा रस्ता झालाय, म्हणून श्रद्धाने टेंपो सांगितला आणि मधल्या वारी, पाहुण्यांची गर्दी नसताना, त्याला आमच्या ओटीवर आणवला. जनाला तिचा लेक सोडून गेला. पोशाने नवा सदरा घातला होता. तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि हात जोडून वाट बघायला लागला.

जना त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, कोन रं तू?

श्रद्धाने माझा हात धरला. पोशाचा चेहरा उतरला, पण त्याने धीर सोडला नाही. म्हणाला, पोशा. कमळ्याचा बा.

जना इकडे तिकडे काहीतरी शोधायला लागली. तिची नजर खुंटीवर गेली. श्रद्धा उमजली, तिने पिशवी काढून दिली. जनाने पट्टा खांद्याला लावला, दोनदा ओढून नीट बसवला. पाणी मागितलं. प्यायली. आणि मग आमच्याकडे वळून, तोच जुना तिखट आवाज.

"भायेर व्हा. पत्र तुमचं नाय."

बाहेर पडता पडता बघतो तर श्रद्धाने फोन तराजूच्या आड ठेवलेला, चालू करून. तिची चूक नाही हो, तिला एक पत्र वाचवायचं होतं. पण मी परत फिरलो, फोन उचलला, बंद केला आणि तिच्या हातात दिला. दार मीच ओढून घेतलं.

अंगणात लाल पेटीशी दोघं उभे राहिलो. आत चिडीचूप. बराच वेळ काही नाही. मी मनात म्हटलं, संपलं. आता आत जाऊन पोशाला काय सांगायचं, कसं सांगायचं, असं मनाशी जुळवत होतो. तेवढ्यात आवाज सुरू झाला. शब्द कळत नव्हते, दार जाड आहे. पण चाल ओळखीची. ती माझी वाचायची चाल होती, कधीच्या काळची, चाळिशीतली. आता मी तसा वाचत नाही, आता अडखळतो.

आणि मध्येच आवाज थांबला.

देवा, म्हटलं, इथवर आणलंस, आता नको. श्रद्धा माझ्याकडे बघत होती, मी दाराकडे. आणि मग आतून खोकला आला. कोरडा, उबळीचा, एकामागून एक, आणि शेवटी सूं करून नाक ओढलेलं. माझा खोकला! श्रद्धा पाण्याचा तांब्या घ्यायला वळली, बिचारीला वाटलं म्हातारीला ठसका लागला. मी तिला धरून ठेवलं. म्हातारा माणूस पेटीला धरून रडतोय, कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं? म्हणो.

आवाज पुन्हा सुरू झाला, तसाच पुढे गेला आणि संपला.

दार उघडलं. पोशा चौकटीला धरून बाहेर आला. मागे जना, पिशवी खांद्यालाच. पोशा पायरीशी थांबला, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "मास्तर, एक खरं सांगा. सुनिताला शेवटपातूर तेच वाटत व्हतं. तो खोकला कमळ्याचाच व्हता ना?"

मी जनाकडे बघितलं. तिला मी कोण ते कळत होतं की नाही, कुणास ठाऊक. पण ती थांबली होती.

"त्याचाच होता रं, पोशा," मी म्हटलं. "मी नुसता वाचत होतो."

पोशाने मान हलवली आणि श्रद्धाच्या हाताला धरून टेंपोकडे निघाला. जनाने पिशवी काढून माझ्या हातात दिली.